सूत्रात वजन कटतं, मग भरलेल्या ट्रकचेच ब्रेक घाटात का जातात?

प्रश्न (चाकोरी):
थांबायला लागणारं अंतर = वेग × प्रतिक्रियेचा वेळ + वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणांक, म्हणजे टायर-रस्त्याच्या पकडीचा आकडा, × ९.८). यात वजन कुठेच नाही. मग बोरघाट उतरताना भरलेल्या ट्रकचेच ब्रेक का जातात? आणि प्रतिक्रियेला किती सेकंद धरायचे?

लायनर:
सूत्र टायरच्या पकडीचं आहे, ब्रेकच्या उष्णतेचं नाही. लोणावळा ते खोपोली उतार साधारण ५०० मीटरचा. सगळा ब्रेकवर उतरलात तर ताशी ६० वरून ३५ वेळा पूर्ण थांबण्याइतकी ऊर्जा ड्रममध्ये (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी डब्यात) जाते. ३५ हा आकडा रिकाम्या ट्रकलाही तोच. पण २५ टनांच्या गाडीत ८ टनांच्या तिप्पट उष्णता, आणि ड्रम तेवढेच! ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या म्हणजे शू, त्यांच्यावरचं घासणारं अस्तर म्हणजे लायनर. तापलेल्या लायनरचं घर्षण घटतं, ड्रम फुगून शूपासून लांब जातो. पॅडल पूर्ण दाबलं तरी गाडी धरत नाही.

सडकमाप:
वेळेबद्दल: इंडियन रोड्स काँग्रेस (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) रस्त्याच्या आखणीसाठी २.५ सेकंद धरते, म्हणून ताशी १०० ला १८० मीटर दृष्टी-अंतर (चालकाला पुढे दिसायला हवा तेवढा रस्ता) लागतं. सावध चालकाला १.५ सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर, ७ मी/से² मंदनाने (वेग घटण्याचा दर; सूत्रातलं घर्षणांक × ९.८), ८० ची कार ६९ मीटरवर थांबते, १०० ची ९७ वर. खरी गोष्ट पुढे आहे: ८० वाली जिथे थांबली, तिथे १०० वाली अजून ताशी ७१ ने जात असते! ओल्या रस्त्यावर मंदन ४ पर्यंत उतरलं तर १०० ची कार १३८ मीटर घेते. ट्रकचे ब्रेक टाकीतल्या दाबलेल्या हवेवर चालतात, त्यामुळे ती हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरपर्यंत पोचायचा वेळ याशिवाय जातो.

चाकोरी:
मग उतरायचं कसं? ब्रेक हलका दाबून ठेवायचा?

लायनर:
नाही, तसाच तो तापतो. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक) चालू करा. वेग ४० वर गेला की ठाम दाबून ३० वर आणा, पाय पूर्ण काढा. सारखं पंपिंग केलं तर टाकीतली हवा संपते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं सगळ्यात घातक: इंजिनचा अडसर जातो, आणि वेग वाढल्यावर गिअर परत पडत नाही.