शब्दचर्चा : प्रथिनांचा ‘ऱ्हास’, ‘विघटन’ की ‘मोड’?

शेवंती :
मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरील बोर्टेझोमिब या औषधाच्या माहितीपत्रकाचा मी सध्या मराठी अनुवाद करीत आहे. मूळ मजकूर थोडक्यात असा आहे : पेशीला नको असलेल्या प्रथिनावर यूबिक्विटिन नावाचे लहानसे प्रथिन जोडले जाते, अशी खूण झालेले प्रथिन प्रोटिआसोम या यंत्रणेत तोडले जाते आणि हे औषध ती यंत्रणा अडवते. मी लिहिले होते, ‘हे औषध पेशीतील प्रथिनांचा ऱ्हास रोखते.’ वाक्यात काही खटकण्यासारखे आहे असे मला वाटले नाही. पण छापण्यापूर्वी कच्चा मसुदा एका रुग्णाच्या पत्नीला वाचायला दिला, तेव्हा नेमके याच ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘ऱ्हास थांबतो ना? मग यांचं अंग एवढं का उतरलंय?’ मला उत्तर देता आले नाही. ऱ्हास थांबला की माणूस सुधारणार, असेच कोणीही समजेल. इथे तर हे काम थांबल्यामुळे कर्करोगाची पेशी मरते. शिवाय मूळ लेखकाने यूबिक्विटिनला ‘मृत्यूचे चुंबन’ म्हटले आहे, त्याचे काय करावे हेही कळत नाही. अडचण मुख्यतः पहिल्या शब्दाची आहे.

धातुसाधित :
‘ऱ्हास’ चुकलाच आहे, आणि तो व्याकरणाच्या दृष्टीनेही चुकला आहे. ‘ह्रस्’ म्हणजे कमी होणे, आखूड होणे. ‘ह्रस्व’ याच घरातला. ऱ्हास होतो, ऱ्हास कोणी मुद्दाम करीत बसत नाही. जिथे कर्ता आहे, हेतू आहे, तिथे हा शब्द बसत नाही. आपल्याकडे ‘विघटन’ हा रुळलेला शब्द आहे, तो वापरावा. त्याच ओघात ‘यूबिक्विटिन’ हे जिभेला न पेलणारे नावही बदलावे असे मी सुचवीन. लॅटिन ‘उबिक्वे’ म्हणजे सर्वत्र. त्यावरून ‘सर्वव्यापिन’ हा सुबोध शब्द सहज होतो. ‘प्रथिन’ आपण घडवला आणि तो आज खेड्यातल्या अंगणवाडीतही बोलला जातो, मग याचेच वावडे का?

पिंपळपान :
मी याच विषयाच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून दोन्ही सूचनांविषयी लिहिते.

‘विघटन’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर कुजणारा पाला येतो, आणि या विषयाचा इतिहास नेमका त्या चित्राच्या विरुद्ध आहे. प्रथिन तुटले तर ऊर्जा खर्च होण्याचे कारण नाही. आपल्या आतड्यातील पाचक विकरे (एन्झाइम) अन्नातली प्रथिने ऊर्जा न खर्चता तोडतातच. पण उंदराच्या यकृताच्या कापांत प्रथिने तुटण्यासाठी ऊर्जा लागते, असे 1953 मध्ये दिसले आणि ते कोडे पंचवीसएक वर्षे तसेच राहिले. हैफाच्या टेक्निऑन संस्थेतील अवराम हर्श्को आणि आरोन सिखानोव्हर यांनी फिलाडेल्फियाच्या अर्विन रोज यांच्या साथीने ते सोडवले. त्यांनी सशाच्या अपक्व तांबड्या पेशींचा अर्क घेतला आणि त्याचे भाग वेगळे केले. त्यातला एक भाग त्यांनी चक्क तापवला. हिमोग्लोबिनसारखी बाकीची प्रथिने उकडलेल्या अंड्यासारखी घट्ट होऊन तळाशी बसली, पण प्रथिने तोडण्यासाठी लागणारा गुण वरच्या स्वच्छ पाण्यात शाबूत राहिला. तो गुण ज्या प्रथिनात होता ते म्हणजेच यूबिक्विटिन, हे 1980 मध्ये उमगले. तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल 2004 मध्ये मिळाले. ऊर्जा लागते ती निवड करण्यासाठी, खूण जोडण्यासाठी आणि खूण झालेल्या प्रथिनाची घडी उलगडून त्याला प्रोटिआसोमच्या पिंपात ओढण्यासाठी. जे काम पेशी पदरमोड करून करते त्याला ‘विघटन’ म्हणणे मला अपुरे वाटते.

‘सर्वव्यापिन’बद्दल : हे प्रथिन 1975 मध्ये वासराच्या थायमस ग्रंथीतून वेगळे केले गेले, तेव्हा ते जीवाणूंपासून माणसापर्यंत सर्वत्र असावे अशी समजूत होती आणि म्हणून ते नाव पडले. पुढे कळले की ते केंद्रक असलेल्या पेशींत असते, सर्वसाधारण जीवाणूंत नसते. नावातली ती जुनी चूक इंग्रजीत आता कोणाच्या लक्षातही येत नाही. आपण मात्र ती भाषांतर करून पुन्हा जिवंत करणार.

देवडी :
‘पदरमोड’ हा शब्द पिंपळपान यांनी सहज लिहिला, आणि मला वाटते उत्तर त्यातच आहे. प्रथिने ‘मोडीत निघतात’ असे का म्हणू नये?

माझ्या आजोबांचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान होते. दिवाळीच्या आधी बायका पिचलेले तांबे, कान तुटलेली घागर, बूड गेलेले पातेले असे मोडीत घालायला आणत. आजोबा भांडे लगेच तराजूत टाकत नसत. आधी ते उजेडाकडे धरून काठावर कोरलेले नाव मोठ्याने वाचत आणि विचारत, ‘हे सासूबाईंचं दिसतंय. घालायचं ना नक्की?’ कधी कधी भांडे पिशवीत परत जाई. हो म्हटले की वजन होई, मोडीच्या भावाने पैसे होत आणि ते पितळ भट्टीत जाऊन पुढच्या वर्षी नवे भांडे होऊन त्याच फळीवर येई. धातू वाया जात नसे. शंभराच्या नोटेची आपण मोड मागतो तेव्हाही तेच घडते : किंमत तेवढीच राहते, नाणी सुटी होतात. प्रथिन ही नोट आणि ते ज्यांचे बनते ती अमिनो आम्ले ही नाणी, हे कोणालाही कळेल.

पिंपळपान :
देवडी, आपले आजोबा माझ्या पुढच्या व्याख्यानात येणार. ते नाव वाचणे म्हणजे हुबेहूब तिसऱ्या विकराचे काम आहे. यूबिक्विटिन जोडायला तीन विकरे लागतात. पहिले त्याला ऊर्जा देऊन तयार करते. माणसात अशी दोनच आहेत. दुसरे ते वाहून नेते. अशी चाळीसच्या आसपास आहेत. तिसरे कोणते प्रथिन मोडीत घालायचे ते ओळखते, आणि अशी सहाशेहून अधिक आहेत, कारण ओळखण्याचेच काम सर्वांत नाजूक. भांडे परत पिशवीत जाण्याचीही सोय पेशीत आहे : जोडलेले यूबिक्विटिन काढून टाकणारी शंभरेक विकरे असतात. एकच दुरुस्ती करते : प्रोटिआसोम थेट सुटी नाणी देत नाही. त्यातून तीनपासून वीस-पंचवीस अमिनो आम्लांचे तुकडे पडतात आणि त्यांची पुढची मोड दुसरी विकरे करतात.

माळव्यातली :
देवडीकाकांचा शब्द मनाला भिडला, पण धोका सांगायलाच हवा. ‘प्रथिनांची मोड’ वाचून निम्म्या वाचकांना मोड आलेली मटकी आठवेल, कारण आहाराच्या प्रत्येक पत्रकात प्रथिने आणि मोड शेजारी-शेजारीच असतात. माझे शालेय शिक्षण इंदूरला हिंदीतून झाले. घरी आई ‘पेशी’ म्हणे ती शरीराचा सर्वांत लहान घटक या अर्थाने, शाळेत ‘पेशी’ म्हणजे स्नायू, आणि शेजारी वकिलांकडे ‘पेशी’ म्हणजे कोर्टाची तारीख. दहावीपर्यंत मी जीवशास्त्राच्या उत्तरांत हाच गोंधळ घालत होते. रुग्णाच्या हातात जाणाऱ्या कागदावर असा दुहेरी अर्थ नको.

धातुसाधित :
ही शंका व्याकरण सोडवते. अंकुर या अर्थाचा ‘मोड’ पुल्लिंगी : मोड आला, मोड आले. सुट्या नाण्यांची आणि जुन्या धातूची ‘मोड’ स्त्रीलिंगी. ‘प्रथिनांची मोड’ म्हटल्यावर मटकीचे कारणच उरत नाही. माझी हरकत वेगळी आहे. परिभाषेतील शब्दापासून पुढे शब्द निघाले पाहिजेत. ‘विघटन’वरून विघटक, विघटनरोधक, विघटित हे सरळ होतात. ‘मोड’वरून काय करणार? ‘मोडरोधक’? देशी शब्दाला संस्कृत शेपूट.

देवडी :
‘वर्गणीदार’, ‘अर्जदार’ या शब्दांना फारसी शेपूट आहे आणि आपण ते रोज वापरतो. ‘मोडरोधक’ चार वर्षे वापरला की कोणाला शेपूट दिसणार नाही.

वसईची वाट :
चुंबनाचा प्रश्न मागेच राहिला, म्हणून लिहितो. आमच्या घरी शुभवर्तमान मराठीतूनच वाचले जाते, त्यामुळे येशूला धरून देणाऱ्या यहूदाचे चुंबन आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. ते विश्वासघाताचे चुंबन आहे. मित्र म्हणून जवळ येणे आणि त्या जवळिकीनेच शत्रूला ओळख पटवून देणे, हा त्याचा गाभा आहे. ज्यांना तो प्रसंग माहीत नाही त्यांना ‘मृत्यूचे चुंबन’ हे शब्द फक्त विचित्र वाटतील. ‘वरचे बोलावणे’ अधिक जवळचे आहे. ते ज्याच्या नावाचे असते त्यालाच येते.

पिंपळपान :
कृपा करून मृत्यू या खुणेला कायमचा जोडू नये. यूबिक्विटिनची साखळी त्याच्या 48व्या अमिनो आम्लावर गुंफली गेली तर प्रथिन बहुधा प्रोटिआसोमकडे जाते. तीच 63व्यावर गुंफली तर डीएनएच्या दुरुस्तीला माणसे बोलावण्यासारखी कामे होतात. गुणसूत्रातील हिस्टोन प्रथिनांवर एकच यूबिक्विटिन बसते आणि त्यांचा त्यामुळे अंत होत नाही. म्हणून मी वर्गात ‘शिक्का’ही म्हणत नाही, कारण शिक्का पुसता येत नाही. मी ‘बिल्ला’ म्हणते. हमालाच्या दंडावरचा बिल्ला काढून दुसऱ्याला देता येतो; प्रोटिआसोमच्या तोंडाशीही यूबिक्विटिन आधी काढून घेतले जाते आणि पुन्हा वापरले जाते.

धातुसाधित :
‘बिल्ला’ चांगला आहे, तो मी मान्य करतो. मात्र ‘प्रथिन’ घडला तेव्हाच्या धोरणाकडे आपण पाहत नाही आहोत. बर्झेलियसने 1838 मध्ये ‘प्रोटीन’ सुचवला तो ‘आद्य’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, आणि ‘प्रथिन’मध्ये ‘प्रथम’ ऐकू येतो. ध्वनी आणि अर्थ दोन्ही साधले, असे मला नेहमी वाटत आले आहे.

माळव्यातली :
मला तर त्यात फक्त ‘प्रोटीन’ ऐकू येतो.

शेवंती :
सर्वांचे मनापासून आभार. मुदत काल संपली, म्हणून नाम टाळून मी वाक्यच लिहिले : ‘पेशी आपली बिघडलेली आणि नको झालेली प्रथिने निवडून मोडते आणि त्यांतील घटक पुन्हा वापरते. हे औषध ते मोडण्याचे काम अडवते.’ पुन्हा त्याच बाईंना वाचायला दिले. त्यांनी दोनदा वाचले आणि विचारले, ‘मग मोडायची राहिलेली साठत असतील ना आत?’ साठतातच. मायलोमाच्या पेशी प्रतिपिंडे भराभर तयार करतात, त्यातली बिघडलेली मोडली गेली नाहीत की त्यांचा ढीग होतो आणि पेशी गुदमरते. हे पत्रकात कुठेही लिहिलेले नव्हते. आता लिहिले आहे. औषधाच्या गटाचे नाव मात्र अजून इंग्रजीच, ‘प्रोटिआसोम इन्हिबिटर’, ठेवले आहे.

धातुसाधित :
वाक्य उत्तम आहे, पण गटाच्या नावाच्या जागी वाक्य छापता येत नाही. तिथे ‘विघटनरोधक’ लिहावे.

देवडी :
‘मोडरोधक’.