सामना एक, ॲप तीन आणि गोल अर्धा मिनिट उशिरा: पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाला काय मिळतं?

मध्यरेषा (धागाकर्ता)
शेजारच्या घरातून जल्लोष ऐकू येतो, तेव्हा आपल्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मधोमधच असतो. इंटरनेटवरून सामने बघणाऱ्यांना हे सवयीचं झालंय. दोष बहुतेक वेळा आपल्या नेटचा नसतो. इंटरनेटवरून चित्रण पाठवण्याच्या, ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत चित्रणाचे साधारण ६ सेकंदांचे तुकडे पाडतात आणि असे तीनेक तुकडे हाती आल्याशिवाय प्लेअर सहसा सुरू होत नाही. १८ सेकंद इथेच गेले, एन्कोडिंग (चित्रण पाठवण्याजोगं आटोपशीर करणं) आणि सर्व्हरपासूनचा प्रवास वेगळाच.

याच पद्धतीची कमी विलंबाची आवृत्ती २०१९ पासून आहे. मग ती सगळीकडे का दिसत नाही? एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने २०२४ मध्ये डिस्ने, एनबीसीयुनिव्हर्सल आणि ॲमेझॉन यांच्याशी प्रक्षेपण हक्कांचे ११ वर्षांचे करार केले, मिळून सुमारे ७६ अब्ज डॉलरचे. हक्कांसाठी एवढा पैसा निघतो, पण वेळेवर चित्र पोचवायची वेळ आली की हात आखडतो. शिवाय एकाच लीगसाठी प्रेक्षकाने तीन दारं ठोठवायची. माझं स्पष्ट मत आहे: विलंबाची कमाल मर्यादा लीगनेच हक्कांच्या करारात लिहून घ्यावी.

डावखुरा
अजिबात पटलं नाही. आधी चित्रणाचे तुकडे साठवून ठेवण्यामागे कंजूषपणा नाही. साठा जितका कमी, तितकं नेट जरा डळमळलं की चित्र अडकणार. पेनल्टीच्या क्षणी फिरतं चक्र बघण्यापेक्षा मी २० सेकंद उशीर आनंदाने घेईन. अँटेनाची एकच लहर कितीही संचांना पुरते. नेटवर प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये माईक टायसन आणि जेक पॉल यांची बॉक्सिंगची लढत नेटफ्लिक्सने दाखवली. कंपनीच्याच आकड्यानुसार एका वेळी ६.५ कोटी प्रवाह चालू होते आणि असंख्य लोकांचं चित्र थांबत, धूसर होत होतं. तिथे मर्यादा घालून काय साधलं असतं?

आणि तीन दारांची तक्रार करता, मग सगळ्या वाहिन्या एकत्रच घ्यायला लावणाऱ्या जुन्या केबलच्या गठ्ठ्याबद्दल एवढा जिव्हाळा कशाला? ज्या घरात कुणी खेळ बघत नव्हतं तेही क्रीडावाहिन्यांचे पैसे भरत होते. आता ज्याला हवं तो भरतो.

मध्यरेषा
लहरीचं तुम्ही सांगितलंत ते माझ्याच बाजूचं आहे. ज्या सामन्याला कोट्यवधी लोक बसणार, तो हवेतून दाखवणं सगळ्यात सोपं. तरी जानेवारी २०२४ मध्ये डॉल्फिन्स विरुद्ध चीफ्स हा एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची लीग) बाद फेरीचा सामना अमेरिकेत, दोन्ही संघांची शहरं वगळता, फक्त पीकॉक या एनबीसीयुनिव्हर्सलच्या वर्गणीच्या ॲपवर ठेवला गेला. हा निर्णय तंत्राने घेतला नव्हता, वर्गणीदार वाढवायचे होते.

बाजूची खुर्ची
तुम्हा दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट सुटतेय. १९९२ पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे थेट सामने तिथे एकट्या स्काय या वर्गणीच्या वाहिनीकडे होते. युरोपीय आयोगाने मक्तेदारीला हरकत घेतली आणि २००७-०८ च्या हंगामापासून सगळे हक्क एकाच खरेदीदाराला विकायला मनाई झाली. सामन्यांच्या हक्कांचे सहा गट केले, त्यातले दोन सेटांटा या दुसऱ्या वर्गणीच्या क्रीडावाहिनीला मिळाले. हेतू प्रेक्षकाच्या भल्याचा होता, पण सगळे सामने हवे असणाऱ्याला एकाऐवजी दोन वर्गण्या भराव्या लागल्या. २००९ मध्ये सेटांटाचा ब्रिटनमधला कारभार तर बंदच पडला.

हे असं का झालं? कारण स्पर्धा लागली ती हक्क घेणाऱ्यांमध्ये. प्रत्येक सामना तेव्हाही एकाच ठिकाणी दिसत होता. तोच सामना दोघांना विका, मग बघा: कुणाचा विलंब कमी, कुणाचं चित्र स्वच्छ, कुणाच्या जाहिराती सुसह्य, यावर लोक निवड करतील. तोपर्यंत चांगली सेवा देण्याचं त्यांना कारणच नाही. प्रेक्षक जाणार कुठे?

रात्रपाळी
थोडं अवांतर, पण कामाचं. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग सामना बघताना बंद करून बघा. संच दोन चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेली चौकट घुसवतो आणि वेगात जाणाऱ्या चेंडूच्या कडा फाटतात. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, त्यामुळे शोधावं लागतं. निकालाच्या सूचनाही सामना संपेपर्यंत बंद ठेवा.

डावखुरा
@बाजूची खुर्ची, ऐकायला छान आहे, पण दोघांना विकलेल्या हक्काला एकट्याच्या हक्काइतकी बोली कोण लावेल? तो पैसा खेळाडूंच्या पगारात जातो, अकादम्यांत जातो, खालच्या स्तरांपर्यंत झिरपतो. २०२३ पासून अमेरिकेतल्या एमएलएस या फुटबॉल लीगचे सगळे सामने १० वर्षांच्या करारात ॲपलकडे गेले आणि स्थानिक प्रक्षेपणबंदीची (आपल्याच भागातल्या संघाचा सामना ॲपवर न दिसण्याची) कटकटही गेली. एका लीगचे सगळे सामने एका जागी, हे चांगलं मॉडेल आहे.

मध्यरेषा
एका जागी असणं मलाही हवंय, पण त्या जागेने वेळेवर दाखवावं ना. निदान मोठ्या सामन्यांसाठी ब्रिटनचा मार्ग आहे. ऑलिंपिक, फुटबॉलचा विश्वचषक, विम्बल्डनच्या अंतिम लढती यांचे थेट हक्क तिथे कायद्याने मोफत वाहिन्यांना देऊ करावे लागतात. या स्पर्धा त्यामुळे बुडालेल्या नाहीत.

डावखुरा
अशा मोठ्या सामन्यांपुरता हा नियम मला मान्य. पण वर्षभर चालणाऱ्या लीगला तोच नियम लावायचा म्हणाल, तर माझा विरोध कायम.

बाजूची खुर्ची
आणि माझा प्रश्नही: वर्षभर पैसे भरणारा प्रेक्षक वाईट सेवेला कंटाळला, तर त्याने तोच सामना दुसरीकडे कुठे बघायचा?