बेटावर एक अख्खा दिवस मोकळा आहे, तो कसा घालवावा?

अनुजा_लिहितेय

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या मध्यावर आम्ही एका छोट्या बेटावर जातोय. विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १० अंशांवर आहे, एवढंच सांगते. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की 'हे चुकवू नका, ते चुकवू नका' अशी यादी येते आणि ती माझ्याकडे आधीच आहे. बाकीचे दिवस त्या यादीचेच आहेत. पण एक दिवस मी हट्टाने रिकामा ठेवलाय. त्या दिवशी बोट नाही, गाडी नाही, कुठलं तिकीट नाही.

बेट असं आहे: भोवती प्रवाळाची कड, आत उथळ पाणी, एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला लांब पांढरी वाळू आणि मध्ये झाडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत तासाभरात चालत जाता येतं. बरोबर आई आहे. तिचे गुडघे दुखतात, पण पहाटे उठून हळूहळू चालायला ती आमच्या सगळ्यांच्या आधी तयार असते. नवरा आहे आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला दिसेल ती वस्तू हातात घेऊन बघायची असते.

पाण्याकडे बघत पडून राहायला मला मनापासून आवडतं. पण तेवढ्याने बेट कळत नाही आणि मला ते कळायला हवंय. उन्हाच्या वेळी काय करावं, मुलीला कुठे मोकळं सोडावं, संध्याकाळ कुठे काढावी? जे असे निवांत राहून आलेत त्यांनी सांगा.

डुबकी

थोडक्यात सांगतो. सकाळी वारा कमी असतो, त्यामुळे पाणी स्थिर आणि नितळ असतं. मास्क लावून पाण्यात उतरायचं असेल तर दुपारच्या आत उरका. दुपारी सावलीत झोपा. सूर्यास्ताला पश्चिमेचा किनारा गाठा. बाकी फार ठरवू नका.

सागरगोटा

अनुजा, दिवस मोकळा ठेवलात हे फार चांगलं केलंत. मी बरीच वर्षं भूगोल शिकवला आणि सुट्टीत बेटांवर हिंडले. माझं सांगणं एकच आहे. अख्खं बेट पालथं घालू नका. खडक आणि वाळू जिथे भेटतात तिथला अर्धा किलोमीटर किनारा निवडा आणि त्याच तुकड्यावर दोनदा जा, एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला. एकाच जागी तुम्हाला दोन वेगळ्या जगांची ओळख होईल.

त्यासाठी सर्वांत आधी त्या बेटाचा भरती-ओहोटीचा तक्ता मिळवा. शेजारच्या बेटाचा चालणार नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि त्यांच्या वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. पण जागेप्रमाणे फरक केवढा पडतो बघा. कॅरिबियनमध्ये कितीतरी ठिकाणी पाणी जेमतेम अर्धा मीटर वरखाली होतं. ताहितीला तर भरती रोज दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारास येते, कारण तिथे चंद्राचा जोर जवळजवळ शून्य होतो आणि सूर्याचा तेवढा उरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला प्रवाळाचं पठार लांबवर उघडं पडतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं, तेव्हा कमी दिसतं.

ओहोटीच्या वेळेच्या तास-दीड तास आधी पोचा आणि मागे हटणाऱ्या पाण्याबरोबर पुढे जा. पाणी परतायला लागलं की तुम्हीही परता. ओल्या वाळूवर मण्यांएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. ते चिमुकल्या खेकड्यांचं काम. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. बिळापासून सुरुवात करून तो एका रेषेत पुढे सरकतो, पुन्हा बिळाशी येतो आणि नवी रेषा धरतो, म्हणून नक्षी किरणांसारखी पसरते. पुढची भरती ती पुसून टाकते. म्हणजे जे दिसतंय ते सगळं त्याच ओहोटीत घडलेलं असतं. मुलीला हे बिळाजवळ बसून बघू द्या.

आता तिच्या हातांबद्दल, आणि हे अगदी कळकळीने सांगतेय. खडकातल्या डबक्यांमध्ये काहीही उचलायचं नाही. शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख दिसला तर त्याला हात लावायचाच नाही. त्यातली गोगलगाय भाल्यासारखा विषारी दात मारते आणि काही जातींच्या विषाने माणसं दगावलेली आहेत. शंख रिकामा दिसला तरी तो रिकामा असेलच असं नाही. दुसऱ्या शंखांमध्ये शंखवासी खेकडे राहतात. ते वाढले की त्यांना मोठं घर लागतं, म्हणून किनाऱ्यावरचे मोकळे शंखही तिथेच राहू द्यावेत. प्रवाळाचे तुकडे घरी आणणं अनेक देशांत गुन्हा आहे. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका, वाळूच्या पट्ट्यांवरूनच चाला आणि तळ जाड असलेले बूट घाला.

हातात घ्यायला तिला वाळू द्या आणि सोबत एक भिंग द्या. पांढरी वाळू म्हणजे प्रवाळाचा, शिंपल्यांचा आणि चुन्याच्या शेवाळाचा चुरा असतो. त्यातला बराचसा भाग पोपटमाशांच्या पोटातून आलेला असतो. हे मासे चोचीने प्रवाळ कुरतडतात, त्यातलं शेवाळ पचवतात आणि चुना वाळू होऊन बाहेर पडतो. मालदीवच्या कितीतरी बेटांना वाळू पुरवणारे हेच. पाण्यात डोकं बुडवून थांबलं तर त्यांचं कुरतडणं ऐकूसुद्धा येतं. जपानच्या ताकेतोमी बेटावर वाळूचे कण चांदणीच्या आकाराचे आहेत. ती एका सूक्ष्म जिवाची कवचं. हवाईत पुनालूऊला वाळू काळी आहे, कारण ती लाव्ह्याची आहे. वाळू बघून बेट कशाचं बनलंय ते समजतं.

त्या कडेबद्दलही तिला सांगा. डार्विनने १८४२ साली मांडलं होतं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं आणि त्याच्या भोवतीचं प्रवाळ वर वर वाढत राहतं. शेवटी डोंगर बुडून जातो आणि नुसतं कडं उरतं. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक या कंकणद्वीपावर, म्हणजे अशाच नुसत्या कड्यावर, विंधन घेतलं, तेव्हा १२०० मीटरहून जास्त खोल प्रवाळाचा चुनखडक लागला आणि मग कुठे खाली ज्वालामुखीचा खडक आला. प्रवाळ वाढतं उथळ, उजेडाच्या पाण्यात. एवढा जाड थर साचला, त्याअर्थी तळ खचत गेला. हे मी वर्गात शिकवायचे तेव्हा मुलं एकदम गप्प होऊन ऐकायची.

दुपार झाडीत काढा, पण झोपण्याआधी झाडं ओळखा. वाळूवर सर्वांत पुढे मर्यादवेल असते, मागे केवडा, भेंडी (भाजीची नव्हे, किनाऱ्यावरचं झाड), उंडी, देशी बदाम. यांची बरीचशी फळं आणि बिया पाण्यावर तरंगतात, म्हणून ही झाडं दूरदूरच्या बेटांवर पोचली. भरतीने आणलेल्या कचऱ्याच्या रेघेत गारंबीची बी मिळाली तर मुलीला दाखवा, ती समुद्र ओलांडून आलेली असू शकते. आईंची खुर्ची देशी बदामाखाली ठेवा. नारळाला फळं असतील तर त्याच्याखाली बसू नका आणि दोन नारळांना झोळी बांधू नका. तुमचं बेट कॅरिबियनमधलं असेल तर किनाऱ्यावरचं मँचिनील नावाचं विषारी झाड ओळखून त्याच्यापासून लांब राहा. त्याच्या चिकाने कातडीला फोड येतात आणि पावसात त्याच्याखाली उभं राहणंही वाईट.

डुबकी

सागरगोटाताईंशी सहमत. पाण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण उथळ पाणी बघून लोक निर्धास्त होतात. लाटांबरोबर कडेवरून आत आलेलं पाणी कडेतल्या खिंडीतून बाहेर पडतं. ओहोटी लागली की तिथली ओढ फार वाढते. किनाऱ्यावरून बघाल तर खिंड म्हणजे गडद निळा पट्टा, जिथे लाटा फुटत नाहीत. सगळ्यांना तीच जागा शांत वाटते आणि तीच टाळायची असते. ओढ लागलीच तर उलट दिशेने झगडून दमू नका. आडवं पोहत प्रवाहाबाहेर या, नाहीतर तरंगत राहून हात वर करा.

वाळूत चालताना पाय न उचलता घासत चाला, म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर तो आधीच सरकतो. दगडमाशाचा काटा लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि थेट दवाखाना गाठा.

सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा पोहायचा सदरा बरा. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक मानली जातात. पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून त्यातल्या काहींवर बंदी घातली आहे.

अनुजा_लिहितेय

केवढं लिहिलंत! खूप खूप आभार. 'एकच किनारा दोनदा' हे मला फारच पटलं. तक्ता मिळाला. त्या दिवशी सकाळची ओहोटी ७:१०, दुपारची भरती १:२० आणि संध्याकाळची ओहोटी ७:३५. आता दोन अडचणी आहेत. भरती नेमकी कडक उन्हात येतेय. आणि खडकांवर आईला नेता येणार नाही, मग ती सकाळभर काय करेल? संध्याकाळी पुन्हा ओहोटी आहेच, तेव्हा परत पठारावर गेलो तर?

सागरगोटा

वेळा तुमच्या सोयीच्याच आहेत. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. चढणाऱ्या पाण्याचे १२ भाग केले तर पहिल्या तासाला १ भाग येतो, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३, चौथ्याला ३, पाचव्याला २ आणि सहाव्याला १. अंदाजाला हा हिशोब पुरतो. म्हणजे ७:१० नंतर चार तासांनी, सव्वाअकराच्या सुमारास, १२ पैकी ९ भाग पाणी भरलेलं असेल. १:२० च्या भरतीची वाट बघायचं कारण नाही. साडेदहा-पावणेअकराला उतरा, पाऊण तास तरंगा आणि बाहेर या. चढतं पाणी बाहेरच्या समुद्रातून येतं म्हणून बहुधा नितळ असतं, आणि ते आत ढकलतं, बाहेर ओढत नाही. सकाळी जिथे उभे होतात तो खडक शोधा. त्याच्यावरून आता मासे चरत असतील.

ऊन तेव्हाही कडकच असतं. सावली आपल्या उंचीहून आखूड झाली की कातडी जपायची. उतरताना सगळ्यांच्या अंगात पूर्ण बाह्या हव्यात.

आईंची मला मुळीच काळजी वाटत नाही. ओल्या वाळूच्या काठाशी त्यांना खुर्ची द्या. चालणाऱ्याला खेकड्यांची पाठसुद्धा दिसत नाही, पावलाच्या हादऱ्याने ते बिळात जातात. जो काही मिनिटं न हलता बसतो त्याच्या पायाशी येऊन ते काम करतात. मुलीला आधी आजीजवळ बसवा, मग खडकांवर न्या.

संध्याकाळी पठारावर मात्र जाऊ नका. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो, आणि ७:३५ ला तर काळोखच असेल. वाळूवरच राहा. टॉर्च घेऊन काठाकाठाने चाललात की फिक्या रंगाचे चपळ खेकडे पळताना दिसतील. बेट हिंदी किंवा प्रशांत महासागरातलं असेल तर झाडीच्या कडेला नारळी खेकडाही भेटू शकेल. तो जमिनीवरचा सगळ्यांत मोठा संधिपाद (सांधेदार पायांचा) प्राणी, ४ किलोपर्यंत भरतो. बघा, हात लावू नका. कासवीण वर आलेली दिसली तर टॉर्च ताबडतोब बंद करा आणि मागेच थांबा. खारफुटीकडचा फेरफटका असेल तर तो दिवेलागणीच्या आत संपवा, डास असतात, आणि अंदमान किंवा सॉलोमनसारख्या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरीही.

मृगाचं_शेपूट

ताऱ्यांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. १० अंश उत्तर म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून १० अंशच वर. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण १० अंश व्यापते, तेव्हा उत्तरेला क्षितिजावर एक मूठ ठेवा, तिच्या वरच्या कडेशी तो असेल. आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे मुलीला स्वतःच्या मुठीने मोजता येईल. नऊच्या सुमारास दक्षिणेला उंचावर व्याध आणि त्याच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून तीनेक मुठींच्या आत, अगस्त्य. अकरानंतर जागे असाल तर आग्नेयेला त्रिशंकू वर येताना दिसेल. दिवे बंद करून डोळ्यांना किमान वीस मिनिटं द्या.

अनुजा_लिहितेय

मुठीचं मुलीला आत्ताच सांगितलं, ती गच्चीवर गेलीसुद्धा. भिंग आणि जाड तळाचे बूट यादीत टाकलेत. सगळ्यांचे मनापासून आभार.

सागरगोटा

अजून एक. तक्त्यावर वेळ कुठली धरली आहे ते बघून घ्या. काही तक्ते स्थानिक वेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळेत असतात, आणि मग ७:१० हे तुमचं सकाळचं ७:१० नसेल. राहण्याच्या ठिकाणी फोन करून त्या आठवड्यातली एक ओहोटी विचारा आणि ताडून बघा.