"समजा औषध दिलं" असं डमीपुढे किती दिवस म्हणायचं? सरावाची औषधं कॉलेजातच बनवावीत का?

टिळकवाडीची_ट्यूटर

मी बेळगावात नर्सिंगच्या पोरींना शिकवते, बारा वर्षं झाली. नवीन सेमिस्टर पद्धतीच्या अभ्यासक्रमात सिम्युलेशनचे, म्हणजे पेशंटऐवजी पुतळ्यावर सराव करायचे, तास लिहूनच दिलेत, डमी आली, मॉनिटर आला, खरं ट्रेमध्ये काय असतंय तर रिकाम्या सिरिंज. पोरगी डमीच्या हाताला रिकामी सिरिंज लावते आणि म्हणते "मॅडम, समजा अॅड्रेनॅलिन एक एमजी दिलं". चार सेकंदात औषध देऊन मोकळी. खऱ्या वॉर्डात तेच औषध द्यायला अँपूल (औषधाची बंद काचेची कुपी) शोधायचा, नाव वाचायचं, मान फोडायची, हवा न घेता लोड करायचं, पुढे फ्लश द्यायचा (औषध नळीत राहू नये म्हणून मागून सलाईन सोडायचं), आणि हे सगळं हात थरथरत असताना. तेवढाच भाग आपण "समजा" म्हणून सोडून देतो, आणि चुका नेमक्या तिथंच होतात.

म्हणून गेल्या वर्षीपासून आम्ही स्वतःच बनवालोय. धुतलेल्या व्हायलमध्ये (रबरी बुचाच्या औषधाच्या बाटलीत) साधं पाणी, वर खऱ्यासारखं लेबल, नाव, स्ट्रेंथ, बॅच, एक्सपायरी सगळं. पावडरच्या इंजेक्शनला बारीक मीठ. आधी मक्याचं पीठ घातलं होतं, ते विरघळत नाही, सुईत अडकतंय, मीठ बरं. भुलीचं प्रोपोफॉल पांढरं दिसायला पाहिजे म्हणून दूध पाणी करून भरलं, ते मात्र चुकलंच, पावसाळ्यात दोन दिवसात नासलं आणि डमीच्या हातातली नळी चिकटून बसली. आता डमीत फक्त पाणी आणि खायचा रंग, साखर आणि दूध बंद.

माझं म्हणणं एवढंच की हे प्रत्येक कॉलेजनं करावं. तुम्हाला काय वाटतंय?

फार्मसी_खिडकी

मॅडम, तुमची तळमळ कळते, तरी माझा ठाम विरोध आहे. वीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढलीत.

२०१४-१५ ला अमेरिकेत काय झालं ते आठवा. सरावासाठी बनवलेल्या सलाईनच्या पिशव्या, निर्जंतुक न केलेल्या, चुकून खऱ्या क्लिनिकमध्ये पोचल्या आणि चाळीसच्या वर पेशंटना लागल्या. थंडी वाजून ताप, कित्येक जण ॲडमिट, एक पेशंट गेलासुद्धा, तो त्या सलाईननंच गेला का हे ठरलं नाही. त्या पिशव्या कंपनीत बनलेल्या होत्या आणि नावातच सरावाचा शब्द होता, तरी लागल्या. तुम्ही तर बॅच नंबरसकट खऱ्यासारखं लेबल लावालाय.

आणि धोका फक्त घाण पाण्याचा नाही. तुमचा पाण्याचा अँपूल वॉर्डातल्या क्रॅश कार्टमध्ये (तातडीच्या औषधांच्या गाडीत) गेला आणि हार्ट बंद पडलेल्या माणसाला दर तीन ते पाच मिनिटांनी अॅड्रेनॅलिन म्हणून पाणीच गेलं तर? कुणाला कळणार पण नाही. पेशंट वाचला नाही एवढंच केस शीटवर येईल.

तिसऱ्या_वर्षाची_पोरगी

सर, माझ्याबाबतीत घडलेलं सांगते, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही.

आम्हाला इन्सुलिन शिकवलं ते बिनलेबलच्या बाटलीवर. "दहा युनिट भर", लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलं, झालं, शाब्बास. वॉर्डात पहिल्यांदा हातात आलेली व्हायल १०० युनिटवाली (एका एमएलमध्ये १०० युनिट) होती आणि ट्रेमध्ये सिरिंज लाल टोपीची, म्हणजे एका एमएलला ४० युनिटवाल्या इन्सुलिनची. मी सवयीनं दहाच्या रेघेपर्यंत भरलं. ते पंचवीस युनिट झालं असतं. शेजारच्या सीनियर सिस्टरनी हात धरला म्हणून आजोबा वाचले. त्या रात्री मी जेवले नाही.

मला बाटली वाचायची सवयच लागली नव्हती कारण वाचायला काही नव्हतंच. ४० आणि १०० दोन्ही व्हायल, लाल आणि केशरी दोन्ही टोप्या लॅबमध्ये समोर असत्या तर ती चूक मी डमीवर केली असती. त्यामुळं मी मॅडमच्या बाजूनं.

फार्मसी_खिडकी

तू लिहिलंस ते महत्त्वाचं आहे, आणि असं उघड लिहायला धीर लागतो. लेबल वाचायची सवय लागायलाच पाहिजे, ते मी नाकारत नाही. माझा प्रश्न लेबल कसं असावं आणि बाटली कुठे जावी एवढाच आहे.

निपाणीचा_बाप

माझी मुलगी नर्सिंगला आहे म्हणून वाचालोय, वैद्यकीय कळत नाही. नोव्हेंबर २०२४ ला बळ्ळारीत बाळंतिणी दगावल्या, संशय सलाईनवर गेला आणि सरकारनं त्या सलाईनचा वापर थांबवला, ते आमच्याकडे अजून लोक बोलतात. घरात कुणाला सलाईन लावायचं म्हटलं की बायका बाटली उलटीपालटी करून बघतात. अशा वेळी कॉलेजात खोटी औषधं भरतात असं बाहेर कळलं तर लोक काय समजतील? कॉलेज आणि हॉस्पिटल एकाच कंपाऊंडमध्ये असतंय. लोकांचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

खानापूर_लेबररूम

दादा, तुमची भीती खोटी नाही. खरं एक बाजू आमची पण ऐका.

गरोदरपणात बीपी वाढून झटके येणाऱ्या बाईला मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) द्यायचं असतंय. शिरेतून ४ ग्रॅम, आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, एकूण १४ ग्रॅम. आमच्याकडे येणारा अँपूल २ एमएलचा, त्यात १ ग्रॅम. म्हणजे चौदा अँपूल फोडायचे. शिरेतल्या चार ग्रॅमला आठ एमएल औषध आणि वर बारा एमएल पाणी मिसळून वीस करायचं, ते सावकाश द्यायचं. बाई झटके देतेय, बाहेर सासू रडतेय, लाईट गेलेली, आणि तुम्ही चौदा माना फोडताय. ट्रेनिंगला आम्हाला सांगितलं "मॅगसल्फ चौदा ग्रॅम दिलं असं समजा". पहिल्यांदा खरोखर द्यायची वेळ आली तेव्हा सहाव्या अँपूलला माझं बोट कापलं आणि मोजणी चुकली, सात झाले की आठ ते आठवेना. दोन अँपूल जास्तीचे उघडून पुन्हा मोजायला लागले. ती बाई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत, तरी मला ते आठ मिनिटं अजून दिसतात.

मला कुणीतरी वेगळा मेसेज करून म्हणालं, पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) सिस्टरना एवढं कशाला, ते मोठ्या हॉस्पिटलचं काम. त्यांना सांगते, बाळंतपणातला रक्तस्राव गोळीनं कमी होतो हे आपल्याच बेळगाव जिल्ह्यात सिद्ध झालं, २००६ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, १६२० बायका, मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम, जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायका १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आल्या. ती गोळी कुणी दिली? खेड्यातल्या एएनएमनी, म्हणजे गावच्या नर्सबाईंनी. हात आमचेच आहेत, तर सराव पण आमच्या हातांनाच पाहिजे.

टिळकवाडीची_ट्यूटर

अक्का, चौदा अँपूलचं मी उद्याच लॅबमध्ये घेते. काचेचा अँपूल आम्हाला बनवता येत नाही हे मात्र खरं, म्हणून काचेतलं डिस्टिल्ड वॉटर आणून त्यावर लेबल चिकटवतो.

फार्मसीवाल्या सरांना: ती अमेरिकेतली पिशवी खऱ्या सलाईनच्याच वाटेनं गेली होती, त्याच वितरकांकडून, त्याच ऑर्डरीत. आमचं औषध स्टोअरला शिवतच नाही. लॅबमध्ये बनतं, लॅबमध्ये संपतं.

फार्मसी_खिडकी

स्टोअरला शिवत नाही, खरं एप्रनच्या खिशाला शिवतंय की. दहा वाजता लॅब, अकरा वाजता त्याच एप्रनवर वॉर्ड. पोरींच्या खिशातून काय काय निघतं ते मी बघितलंय.

माझ्या अटी सांगतो. आत किती गेले बाहेर किती आले ते मोजून वहीत सही. रिकाम्या काचा त्याच दिवशी निळ्या डब्यात. आणि लेबलवरचं नाव, स्ट्रेंथ खरी ठेवा, पण लेबलचा कागद पूर्ण गुलाबी, आणि त्यावर कन्नड आणि मराठीत ठळक "सरावाचं, पेशंटला देऊ नका". इंग्रजीत लिहून काय उपयोग, ट्रे आवरणाऱ्या मावशी आणि वॉर्डबॉय कन्नड नाहीतर मराठीच वाचतात. बाटली चुकून फिरली तर पहिल्यांदा त्यांच्याच हाताला लागणार.

टिळकवाडीची_ट्यूटर

वही, निळा डबा आणि दोन भाषांतली सूचना, तिन्ही मान्य. मावशींचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आजच त्यांच्याशी बोलले.

गुलाबी कागद मात्र नको. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांतली बरोबर ओळखायची हाच तर सराव. पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं, आणि ते दिसतं कसं, पाण्यासारखंच. सगळं गुलाबी केलं तर पोरी रंग बघायला शिकतील, नाव बघायला नाही.

फार्मसी_खिडकी

सगळ्याच बाटल्या गुलाबी असल्या तर रंगावरून ओळखणार कशा? नावच वाचावं लागणार. आणि थोडा सराव कमी झाला तरी चालेल, पाण्याचं पोटॅशियम वॉर्डात गेलेलं मला चालणार नाही. इथे मी हलणार नाही.

खानापूर_लेबररूम

तुम्हा दोघांचं लॅबपुरतं ठीक आहे. आमच्याकडे वेगळी लॅबच नाही. महिन्याचं ड्रिल त्याच लेबर रूममध्ये, त्याच टेबलवर, त्याच इमर्जन्सी ट्रेवर होतंय, कधीकधी पलीकडच्या खाटेवर खरी बाई कळा देत असते. तिथं पाण्याचा एक अँपूल जरी खऱ्यांत मिसळला तरी संपलं. गुलाबी असो की पांढरा, रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात रंग कुणाला दिसतोय.

फार्मसी_खिडकी

अक्का, मग तिथं खोटं औषध आणूच नका. खरं औषधच फोडा. मॅगसल्फ काही महाग औषध नाही, आणि प्रत्येक सेंटरला दोन-तीन महिन्यांत एक्सपायर होणारा माल पडून असतोच. एक्सपायर झाल्यावर तो पिवळ्या पिशवीत जाणारच, त्याआधी तारीख शिल्लक असतानाच ड्रिलला वापरा. डमीला द्या, वहीत खर्ची टाका. चुकून बाईला गेलं तरी ते औषधच असेल, पाणी नसेल.

टिळकवाडीची_ट्यूटर

हे मला सुचलं नव्हतं. कॉलेजात शंभर पोरींना खरं औषध पुरवता येणार नाही, तिथं मी बनवतच राहणार. लेबर रूममध्ये मात्र सरांचंच बरोबर आहे. फक्त ट्रे रिकामा झाला की लगेच भरायला पाहिजे, नाहीतर ड्रिलनंतर तासाभरात खरी केस आली तर?

खानापूर_लेबररूम

भरायचं आधी, फोडायचं नंतर. चौदा नवीन ट्रेमध्ये आले की मगच जुने चौदा ड्रिलला काढायचे. इंडेंटवर (औषधं मागवायच्या फॉर्मवर) "ड्रिलसाठी मॅगसल्फ १४" असं आजवर कुणी लिहिलेलं नाही आमच्याकडे, सोमवारी लिहून मेडिकल ऑफिसरच्या टेबलवर ठेवते. सही झाली की नाही ते इथेच सांगते.