युनियनचं राजकारण नक्की कोणासाठी?

डिचोलीकर: पगार, बोनस, कायम नोकरी यासाठी युनियन भांडली तर मी तिच्या बाजूने. पण तिने 'हा अख्ख्या गोव्याचा प्रश्न' म्हटलं की मी सावध होतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. खाणी सुरू करा म्हणत कामगार, ट्रकवाले, बार्जवाले रस्त्यावर आले. मालकालाही नेमकं तेच हवं होतं! ज्यांच्या शेतात दर पावसाळ्यात खाणीचा गाळ उतरला, त्यांचं नाव एका तरी फलकावर होतं का?

रापणकार, बाणावली: सत्तरच्या दशकात ट्रॉलर, म्हणजे यांत्रिक होड्या, किनाऱ्याला येऊन जाळी ओढू लागले आणि आम्ही रापणकार, किनाऱ्यावरून रापण नावाचं मोठं जाळं ओढणारे, उठलो. भांडण पोटाचंच, ते कशाला लपवू? पण त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. यांत्रिक होड्यांवरची १ जून ते ३१ जुलैची बंदी त्याच कायद्याखाली लागते. तेवढ्यात मासळी वीण घालते आणि पुढे बांगडा तुमच्याही ताटात येतो. लढ्याचे पुढारी माथानी साल्ढाणा नंतर मंत्री झाले. राजकारण टाळून हे झालं असतं?

डिचोलीकर: जाळं रापणकाराचं स्वतःचं. त्याला कामगार कसं म्हणायचं? (बंदीत आम्ही सुक्या बांगड्यावर भागवतो, ते वेगळं.)

जुना मास्तर, म्हापसा: मग गिरणी कामगार घ्या. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. त्या संपात पगारवाढीचा विषयच नव्हता.

डिचोलीकर: शंभर वर्षांपूर्वीचं सांगू नका, मास्तर. माझ्या वर्गणीतून आज कोणाचा प्रचार चालतो ते सांगा.

जुना मास्तर, म्हापसा: १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात राजकीय निधी वेगळा ठेवायला सांगितलं होतं आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या संहितेतही तेच आहे; त्यात पैसे घालायची सक्ती कोणावर करता येत नाही. पावती बघून घ्या. आपल्याकडे ती कोण बघतो म्हणा.

खाणीवरचा: २०१८ च्या त्या मोर्चात मी होतो. डिचोलीकर, गाळ आमच्याही शेतात आला होता. युनियनच्या सभेत एकाने भरपाईचा विषय काढला. नोकरी मालकाकडे मागायची आणि भरपाईही त्याच्याकडेच, हे जमेना. अध्यक्षांनी विचारलं, ठराव घालूया? पुढाऱ्यांना शिव्या द्यायला मला तोंड नाही. हात मीही वर केला नव्हता.