टेबलाला कुठलं फिनिश द्यावं? मदत हवी आहे

सागवानाचं जेवणाचं टेबल स्वतः बनवलंय, सँडिंग २२० ग्रिटपर्यंत झालंय आणि आता फिनिशवर गाडी अडलीये. लाखेचं पॉलिश दिसतं झकास पण गरम भांडं ठेवलं की पांढरे डाग, म्हणून ते बाद. पीयू (पॉलीयुरेथेन, लाकडावर कडक थर देणारं कोटिंग) टिकाऊ आहे हे मान्य, पण ओरखडा पडला की तेवढाच भाग दुरुस्त करणं कटकटीचं, आणि तेलाचं फिनिश पुन्हा सहज लावता येतं पण मग ते अधूनमधून लावतच बसा (घरात लहान मुलं आहेत, म्हणजे पाणी सांडणारच).

वॉटर बेस पीयू पिवळा पडत नाही म्हणतात, टेबलटॉपवर कुणी वापरलाय का? आणि सागात मुळातच तेल असतं तर आधी थिनरने पुसून घेऊ की थेट सीलर (फिनिशच्या आधी लाकडाची छिद्रं बंद करणारा कोट) मारू? मॅटच हवंय, चकचकीत अजिबात नको.