थेरपी पहिल्यांदाच सुरू करताना: तिथे नक्की काय होतं? (इंदूर)

लोकमान्यनगर_इंदूर
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. वय २६. तीन महिने झोप उडाली आहे आणि ऑफिसला निघायच्या वेळी छातीत धडधड, हातपाय गार. फिजिशियननी ईसीजी आणि थायरॉइड दोन्ही पाहिलं, त्यात काही नाही. त्यांनीच थेरपी घ्यायला सांगितलं. पुढच्या गुरुवारी गीता भवनकडे पहिली वेळ मिळाली आहे. पहिल्या दिवशी काय विचारतात? किती आठवडे जावं लागतं? आम्हा घरच्यांना काही सांगतात का? आणि थेरपिस्ट हिंदीभाषी आहेत. हिला हिंदी उत्तम येतं, पण मनातलं बोलायचं म्हटलं की मराठीच येतं. अडेल का?

शांत_दुपार
ताई, पहिली भेट म्हणजे उपचार नव्हे, चौकशी. ही अपेक्षा आधीच ठेवली तर "काहीच झालं नाही, नुसतं विचारत बसले" असं वाटून मन खट्टू होत नाही. साधारण ४५ ते ६० मिनिटं लागतात. त्रास कधीपासून आहे, दिवसातून किती वेळा होतो, किती मिनिटं टिकतो, तेव्हा ती काय करते, काय करायचं टाळते, हे खोदून विचारतात. मग झोप, भूक, चहा-कॉफी, दारू-सिगारेट, आधीचे आजार, घराण्यात कुणाला असा त्रास होता का. काही जण छापील प्रश्नावली देतात. चिंतेसाठी जीएडी-७ असते: सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण. उदासीसाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९.

त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. पुष्कळ लोक भीतीने तिथे शून्य लिहितात. तसं करू नये. "असे विचार येतात" एवढं लिहिल्याने कुणी उचलून दवाखान्यात टाकत नाही. थेरपिस्ट पुढे विचारतात की नुसते विचार आहेत की काही ठरवलं आहे, साधन हाताशी आहे का, आणि त्याप्रमाणे सुरक्षिततेची आखणी करतात. ही माहिती लपली तर सगळी दिशाच चुकू शकते.

जाताना चालू औषधांची यादी मात्रेसकट न्यावी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीची धरून. आठवडाभर एका कागदावर झोपायची-उठायची वेळ आणि धडधडीची वेळ टिपली तर पहिल्या तासातली पंधरा मिनिटं वाचतात. फी किती, आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे लागतात का, दोन भेटींच्या मध्ये अडचण आली तर फोन चालतो का, हे तिने पहिल्याच दिवशी विचारावं. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

किती आठवडे, याचं एकच उत्तर नाही. चिंतेसाठी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी) असेल तर बहुधा आठवड्यातून एकदा, १२ ते २० भेटी. दोन-तीन भेटींतून त्रास कसा चालतो याचा नकाशा काढतात, मग खरं काम.

रामबागची_सई
भाषेचं मी सांगते, कारण इंदूरच्या मराठी घरांत हे फार घडतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. अडत नाही, फक्त पद्धत माहीत हवी. "घबराहट होती है" हे एका शब्दात निघून जातं आणि थेरपिस्टही पुढे जातात. पण आपल्याकडे धास्ती वेगळी, हुरहुर वेगळी, जीव घाबरा होणं वेगळं, कोंडमारा वेगळा. धास्ती पुढे होणाऱ्या गोष्टीची असते, कोंडमारा आत्ताच्या माणसांमुळे होतो. उपचारही दोन्हीचे वेगळे. तेव्हा आधी मराठी शब्द उच्चारावा, मग तो शरीरात कुठे जाणवतो आणि कोणत्या प्रसंगी येतो ते हिंदीत सांगावं. थेरपिस्ट विचार टिपायला घरी जी वही लिहायला सांगतात, ती तर सरळ मराठीतच लिहावी. मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं हवं असतं. भाषांतरात त्याची धार जाते.

दुसरी चिंता बहुतेक न विचारलेली असते: मंडळात, गणेशोत्सवात सगळे एकमेकांना ओळखतात, बाहेर कळलं तर? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. बहीण सज्ञान आहे, म्हणून तिच्या संमतीशिवाय तुम्हालाही काही सांगणार नाहीत, ताई, आणि ते बरोबरच आहे. अपवाद मोजके: तिच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे. चांगले थेरपिस्ट हे पहिल्या भेटीत स्वतःहून सांगतात. मात्र थेरपिस्ट नात्यातले किंवा घरच्या ओळखीचे असतील तर दुसरे शोधा. ओळखीच्या माणसासमोर आपण नकळत चांगले वागतो.

पलासिया_५२
पदवीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात शिकलेले डॉक्टर. औषध तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. नुसतं "समुपदेशक" लिहिलेलं असेल तर कोणती पदवी, किती महिने देखरेखीखाली काम केलं, ते विचारा. आठवडाभराचा कोर्स करूनही पाटी लागते.

औषध लिहून दिलं तर घाबरू नका. चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. फी परवडत नसेल तर एमवाय रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन, १४४१६, फुकट आणि चोवीस तास. हे सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलं.

लोकमान्यनगर_इंदूर
सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी एक. कुणीतरी म्हणालं की मध्येच त्रास वाढतो. तसं झालं तर थांबवायचं का?

शांत_दुपार
थांबवू नका, पण कोणती वाढ आहे ते ओळखा. धडधडीवरच्या उपचारात टाळलेल्या गोष्टींकडे पायरी-पायरीने परत जायचं असतं. समजा ऑफिस विजयनगरला आहे. पहिली पायरी नुसतं तयार होऊन दारापर्यंत, मग पलासियापर्यंत कुणाबरोबर, मग एकटीने, मग पूर्ण. प्रत्येक पायरीला भीती ० ते १०० मध्ये किती, ते लिहायचं. कधी थेरपिस्ट खोलीतच मुद्दाम धडधड आणायला लावतात: जागच्या जागी एक मिनिट धावणं, खुर्चीत गोल फिरणं, बारीक नळीतून श्वास घेणं. मेंदूला कळायला हवं की धडधड झाली तरी काही होत नाही. त्या दिवसांत भीती वाढलेली वाटणारच.

बिघडतं ते इथे: भीती ८० वर गेली की माणूस घरी परततो, क्षणात सुटका वाटते, आणि मेंदू शिकतो की परतलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती दुप्पट. त्याच प्रकारातली गोष्ट म्हणजे पर्समध्ये गोळी ठेवणं, सारखी नाडी बघणं, रस्ताभर तुम्हाला फोन चालू ठेवणं. पायरी पूर्ण झाल्यासारखी दिसते, पण श्रेय गोळीला आणि फोनला जातं. म्हणून ताई, फोन उचलायचा की नाही, हे तुम्ही दोघींनी थेरपिस्टला विचारून ठरवा. प्रेमापोटी रोज "काही होणार नाही गं" म्हणणंही याच खात्यात मोडतं.

दुसरी वाढ वेगळी असते. पाच-सहा भेटी झाल्या, उद्दिष्ट ठरलेलं नाही, घरी करायला काही दिलेलं नाही, नुसतं बोलून रडून परत, किंवा ते सल्ला देत सुटतात, लग्नाचं बोलतात. अशा वेळी तिने न कचरता विचारावं, "आपण कशावर काम करतोय आणि फरक कशावरून मोजायचा?" प्रश्नावली पुन्हा भरून पहिल्या दिवसाचे गुण शेजारी ठेवता येतात. नीट उत्तर आलं तर पुढे जा. नाही आलं तर आधीच्या नोंदींची प्रत मागून घ्या. त्या मागायचा तिला हक्क आहे, आणि नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.